तयार विमान

आमच्या घरात कलम सातवर जेवढा खल झाला, तेवढा शलाकाच्या दहावीवरही झाला नाही. पोरगी चांगले मार्क घेऊन आली त्या दिवशीही तिचा बाप दारात उभा राहून फोनवर सांगत होता, "बाकी सगळं सोडू, पण सात नंबर सोडायचा नाही." मी त्याच्या तोंडात पेढा कोंबला, तेव्हा कुठे तो गप्प झाला.

बाप म्हणजे सुदाम रोकडे, माझा नवरा. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करते. मनात आणि रागात मात्र तो सुदामच, आणि ही गोष्ट मी रागातच सांगणार आहे, तेव्हा इथेही सुदामच.

सुदाम नीलांबर एअरवेजमध्ये टेक्निशियन. विमान उडवणारा नव्हे, उडण्याजोगं ठेवणारा. शिवाय युनियनचा सेक्रेटरी. टेक्निशियन, लोडर, सफाईवाले, सगळ्यांची मिळून एकच युनियन, आणि त्यातले निम्मे आमच्याच बाजूला राहणारे, कारण विमानतळाजवळ घर घेणं विमानतळावर राबणाऱ्यांना कधी परवडलेलं नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, जिथे भाडं झेपलं तिथे माणसं पसरलेली. म्हणून युनियनच्या मीटिंगा अंबरनाथला, आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या विहारात व्हायच्या. चहा अर्थातच माझ्या घरून जायचा.

नीलांबरची विमानं नीलांबरची नव्हती, हे मला लग्नानंतर कितीतरी वर्षांनी कळलं. रिक्षावाले दुसऱ्याची रिक्षा भाड्याने चालवतात, तशी ती परदेशातल्या मालकांकडून भाड्याने आणलेली. मग भाडं थकलं, सुटे भाग येईनासे झाले. एका विमानाचा भाग काढून दुसऱ्याला लावायचा, दुसऱ्याचा काढून तिसऱ्याला, असं वर्षभर चाललं. शेवटी जी चार विमानं उरली होती तीही विमानतळाच्या एका कोपऱ्यात उभी राहिली आणि कंपनीने जाहीर केलं की उड्डाणं 'काही काळापुरती' थांबवली आहेत. त्याच आठवड्यात साहेब लोकांनी युनियनला बोलावलं आणि सांगितलं, आपण नवा करार करू या.

नवा करार म्हणजे काय, तर पगार अर्धा, ड्यूटी लांब, घरी सोडणारी गाडी बंद, कॅन्टीन बंद. सुदाम एकेका गोष्टीवर भांडायला जायचा आणि ती सोडून घरी यायचा. "काय करू? कंपनीच बुडाली तर गाडी आणि कॅन्टीन घेऊन काय चाटायचंय?" हे त्याचं उत्तर. त्याने धरून ठेवलं ते एकच कलम, सातवं. कराराच्या पाच वर्षांत एकाही कामगाराला नोकरीवरून काढणार नाही. बाकी सगळं घ्या, पण यावर सही करा.

त्या एका सहीवर सगळ्यांचा जीव टांगलेला होता. कान्हाचंच घ्या. कान्हा लोडर, बारवी धरणाच्या अंगाला डोंगरात ठाकरांचा पाडा आहे तिथला. नोकरीसाठी खरवईला खोली घेऊन राहिला. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र घालून पाड्यावर गेलेला तो पहिलाच माणूस. त्याची आई कौसाबाई एकदा मुद्दाम आमच्याकडे आली. तिने चहा बशीत ओतून प्यायला, बशी धुऊन ठेवली आणि मग बोलली.

"सुदामभाऊ, माझ्या पोराची नोकरी जायाची नाय ना? तुमी हाव म्हून मी निजतंय."

"शब्द देतो मावशी," सुदाम म्हणाला. "नोकरी जाणार नाही. लिहूनच घेणार आहे मी."

मला त्याच वेळी त्याच्या पाठीत धपाटा घालावासा वाटला. ज्या कंपनीकडे टायर बदलायला पैसे नाहीत, तिच्या वतीने हा माणूस शब्द देत सुटला होता. आणि तो खोटं बोलत नव्हता हीच तर पंचाईत. त्याला मनापासून वाटत होतं.

एचआरचे मोठे साहेब दर बैठकीत गोड बोलायचे. सातला आमची ना नाही रोकडे, फक्त लीगलकडून येऊ दे. हे लीगल कुठल्या गावाला राहायला गेलं होतं कोण जाणे, तिकडून काही परतच येत नव्हतं. मग एका बैठकीत साहेबांनी नवीन पिल्लू सोडलं. एक गुंतवणूकदार तयार आहे, पण त्याला विमानं बघायची आहेत. उभी, धुळीने माखलेली, भाग काढलेली विमानं बघून तो पळून जाईल. विमानं उडण्याजोगी झाली तर पैसा येईल, पैसा आला की सातवर सही. आता कंपनीकडे कामाचे पैसे द्यायला नाहीत, तेव्हा युनियननेच काहीतरी विचार करावा.

सुदामने विचार करायला दोन दिवसही घेतले नाहीत.

रविवारी विहारात मीटिंग भरली. बुद्धपौर्णिमा जवळ आली होती. पौर्णिमेच्या आधी आमच्याकडे श्रमदान असतं. अख्खी वस्ती विहार धुते, चुना लावते, पंखे पुसते, बायका सतरंज्या आपटून काढतात, आणि कोणी कोणाला मजुरी विचारत नाही. बाहेरचा माणूस लावून विहार धुऊन घेणं ही आमच्यात लाजेची गोष्ट. सुदाम लहानपणापासून भिंतीला चुना लावायच्या शिडीवर चढलेला. त्या दिवशी तो उभा राहिला तो त्याच भिंतीकडे बोट दाखवून.

"ही भिंत रंगवताना आपण कधी कुणाची सही घेतली? आपलं आहे म्हणून करतो. ती विमानं पण आपलीच आहेत. भाग स्टोअरमध्ये पडलेत, काही एकमेकांत अडकलेत, ते आपल्याशिवाय कुणाला माहीत नाही. सुट्टीच्या दिवशी जाऊ, चारही विमानं उभी करू. फुकट. मग बघू कोणत्या तोंडाने सही नाकारतात."

टाळ्या पडल्या. मुकेशने मात्र हात बांधून ठेवले होते.

मुकेश सुदामच्याच बरोबरीचा टेक्निशियन, उल्हासनगर कॅम्प तीनचा. त्याच्या मोठ्या भावाचा तिथे जीन्सचा कारखाना आहे आणि मी त्याच कारखान्यात ओव्हरलॉकच्या मशीनवर बसते. त्यामुळे त्याचं बोलणं मला आपल्या घरातलंच वाटतं.

"सुदाम, तू पागल झालाय काय?" तो म्हणाला. "हमारे मार्केट में बच्चा बच्चा जानता है. माल आपल्या हातात आहे तोपर्यंत पार्टी चहा पाजते. माल गेला की फोन उचलत नाही. ते विमान उडत नाही ना, तोच आपला माल आहे साईं. उडत नाही म्हणून ते लोक आपल्याला एसीत बसवून बोलतात. पहले साइन, फिर काम."

"हे दुकान नाही मुकेश."

"वही तो बोल रहा हूँ, तू दुकान समझ."

"बिघडलेलं विमान दाखवून मी सौदा करू? टेक्निशियन आहे मी."

सगळ्यांना ते पटलं. मला मुकेशचं पटलं, पण मी तिथे चहाची किटली घेऊन उभी होते, आणि किटलीवाल्या बाईला कोणी मत विचारत नाही. हात वर करायला सांगितल्यावर कान्हाचा हात सर्वांत आधी वर गेला. मुकेश शेवटपर्यंत बसून राहिला, आणि मग श्रमदानाला सर्वांत आधी तोच पोचला. "माझा विरोध आहे," नटबोल्ट आवळत तो दिवसभर सांगत होता म्हणे, "लिहून ठेवा, माझा विरोध आहे."

पुढचे काही आठवडे माझा नवरा मला सापडला नाही. घरातली जुनी फडकी गेली, शलाकाचे जुने टॉवेल गेले, धुण्याची बादली गेली. घरी यायचा तो ग्रीसचा वास घेऊन आणि तोंडभर हसू घेऊन. एका इंजिनात साळुंक्यांनी घरटं केलं होतं, ते कान्हाने पिल्लांसकट अलगद काढून झाडावर नेऊन ठेवलं. चाकं एकाच जागी राहून बसतात, म्हणून विमान ढकलून ढकलून ती फिरवली. ज्याचा भाग त्याला परत लावला. सुदाम हे सगळं मला जेवताना असं सांगायचा की जणू घरात चार आजारी माणसं होती आणि एकेक जण उठून बसत होतं. आमच्या लग्नात तो एवढा हसला नव्हता, हे मी त्याला ऐकवलंसुद्धा.

माझ्यावरही एक काम आलं. उभ्या विमानाची भोकं झाकायला झाकणं असतात आणि प्रत्येक झाकणाला, प्रत्येक पिनेला लांब लाल पट्टी असते, म्हणजे उडण्याआधी ती काढायला कोणी विसरणार नाही. जुन्या पट्ट्या उन्हाने विरून गेल्या होत्या. कारखान्याच्या कात्रणात लाल कापडाचे लांब तुकडे पडलेले असतात, ते मी मुकेशच्या भावाला विचारून घेतले, दुहेरी शिवण मारली आणि ढीगभर पट्ट्या सुदामच्या पिशवीत भरल्या.

त्यातली एक हातात घेऊन तो स्वयंपाकघरात उभा राहिला. लाटण्याला ती बांधली.

"ही पिन समज. विमान मागे ढकलून झालं की पुढच्या चाकातनं ही काढायची. मग बाजूला जाऊन उभं राहायचं आणि पायलटला दाखवायची, अशी." त्याने लाटणं डोक्यावर धरलं. लाल पट्टी त्याच्या कोपरापर्यंत लोंबत होती. "त्याला पिन दिसली, पट्टी दिसली की तो मान हलवतो. मग अंगठा. मग टाटा. ही दिसल्याशिवाय पायलट जागचा हलत नाही शालन. केवढंही मोठं विमान असो, शेवटी आपण हो म्हणायचं तेव्हा ते जातं."

"आणि नाही म्हटलं तर?"

"नाही कशाला म्हणू? तयार असेल तर जाणारच."

"लाटणं द्या इकडे, पोळ्या राहिल्यात," मी म्हणाले.

विमानं झाली. साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि त्यांनी सुदामला मिठी मारली. ग्रीसच्या कपड्यांसकट. पुढच्या बैठकीत म्हणे काजूकतली होती. साहेबांनी सांगितलं की शुक्रवारी गुंतवणूकदाराची माणसं येतील, एक विमान तासभर वर फिरवून आणतील, आणि ते खाली उतरलं की तिथेच, विमानाच्या पायऱ्यांवर, कलम सातवर सही करू. फोटोसकट. सुदामने मला फोनवर हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. मलाही रडू आलं, खोटं कशाला बोलू. वर्षभर मी ज्याला नावं ठेवत होते ते कलम सात एकदम मलाही हवंहवंसं झालं. मला वाटलं, चला, आपला नवरा बावळट नाही, आपणच तिरक्या.

पौर्णिमा सोमवारी होऊन गेली होती, पण शुक्रवारी आम्ही बायकांनी विहारात पुन्हा खिरीचं पातेलं चढवलं. जिच्या घरातलं माणूस नीलांबरमध्ये, ती प्रत्येक बाई आली. कौसाबाई पाड्यावरून आधी जीपने, मग शेअर रिक्षाने आली आणि दाराशी पाय पसरून बसली. शलाकाच्या फोनवर एक ॲप होतं, कुठलं विमान कुठे उडतंय ते नकाशावर दाखवणारं. तिने फोन खुर्चीवर उभा केला आणि आम्ही सगळ्या त्याभोवती.

आधी मुकेशने पाठवलेला व्हिडिओ आला. उन्हात चकाकणारं पांढरं विमान, आणि त्याच्यासमोर आमची माणसं रांगेत उभी. लोडर, सफाईवाले, सगळे. रांगेच्या पुढे, विमानाच्या नाकाच्या एका बाजूला, सुदाम. विमान मागे ढकललं गेलं. सुदाम वाकला, पिन काढली, चार पावलं बाजूला आला आणि त्याने हात उंच केला. माझी पट्टी वाऱ्यावर फडफडली. मग अंगठा. मग टाटा. मागे रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या. विहारात आम्हीही वाजवल्या. कौसाबाईला पोराची पाठ दिसली तर ती फोनच्या काचेवरून हात फिरवायला गेली आणि व्हिडिओ बंद पडला. सगळ्या हसल्या.

नकाशावर पिवळं इवलंसं विमान उठलं आणि समुद्रावर गेलं.

"आता वळेल," शलाका म्हणाली.

खीर वाटून झाली. ते सरळ चाललं होतं.

"लांबून वळत असेल," कोणीतरी म्हणालं.

शलाकाने बोटांनी नकाशा लहान केला, कारण विमान पडद्याच्या कडेला पोचलं होतं. मुंबई उजव्या बाजूला सरकली. थोड्या वेळाने तिने नकाशा आणखी लहान केला. आता पडद्यावर नुसतं निळं पाणी होतं आणि त्यात ते पिवळं. पोरगी माझ्याकडे बघायला लागली. मी तिच्याकडे बघितलं नाही. मला हातातली वाटी खाली ठेवायचीसुद्धा भीती वाटत होती.

फोन वाजला, माझा. मुकेश होता.

"भाभी, सुदाम को फोन मत करना अभी," तो म्हणाला. "गेलं ते. मालक लोक होते. वो कोई इन्वेस्टर नहीं था, ज्याचं विमान आहे त्याचीच माणसं होती. आपण त्याला धुऊन-पुसून दिलं." पलीकडे तो रडत होता का खोकत होता ते कळलं नाही. "साहेब लोकांना माहीत होतं, भाभी. सबको पता था. विमान चालू हालतीत परत दिलं तर त्यांचं भाडं माफ होणार होतं."

मी फोन ठेवला. पडद्यावर पलीकडचा किनारा दिसायला लागला होता. कौसाबाई दाराशी खिरीचं बोट चाटत होती, तिने विचारलं, "आला का खाली इमान?" मी म्हणाले, येईल.

सुदाम घरी आला तेव्हा दिवेलागण व्हायची होती. शलाकाला मी मैत्रिणीकडे धाडलं होतं. तो जेवायच्या जागी भिंतीला टेकून बसला. पिन त्याच्या हातातच होती, विमानतळावरून थेट घरापर्यंत ती घेऊन आला होता. गेटवर कोणी अडवलं नाही. अडवायला कोणी उरलंच नसेल.

मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. वर्षभराच्या. त्याचं तोंड बघून त्यातली एकही आली नाही. पाणी दिलं, त्याने घेतलं नाही.

"मला दिसलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"इंधन. तासभर फिरायला एवढं लागत नाही. गाडी लावून लावून टाक्या गच्च भरल्या त्यांनी. मुकेशने मला कोपराने ढोसलं पण. मी म्हटलं, असेल, दिल्लीला दाखवायला नेत असतील. पण मला दिसलं होतं शालन. पिन काढताना मला ठाऊक होतं की हे तासाभराचं विमान नाही."

"मग थांबवलं का नाही तुम्ही?" मी ओरडलेच. "तुम्हीच सांगितलंत ना मला, पिन दाखवल्याशिवाय पायलट हलत नाही? हात वर करायचाच नव्हता! घालायची ती पिन खिशात आणि बसायचं चाकासमोर!"

तो त्या लाल पट्टीची शिवण अंगठ्याने घासत राहिला.

"विमान तयार होतं गं," तो म्हणाला. "सगळं जागच्या जागी. एवढं तयार विमान मी कित्येक वर्षांत बघितलं नव्हतं. ते थांबवायचं कसं, ते मला कुणी शिकवलंच नाही."

मग तो रडला. मी त्याच्या शेजारी बसले आणि त्याचं डोकं धरलं, आणि राग मात्र तसूभर कमी झाला नव्हता.

उरलेली तीन विमानं पुढच्या पंधरवड्यात गेली. त्यांना नाटकही करावं लागलं नाही, कोर्टाचा कागद आला आणि आमच्या माणसांचे आत जायचे पास बंद झाले. कुंपणाच्या बाहेर उभं राहून आपली माणसं बघत होती, सुदाम गेला नाही. मुकेशने एकदाही 'मी सांगितलं होतं' असं म्हटलं नाही. तो नुसता संध्याकाळी यायचा, सुदामशेजारी बसायचा आणि दोघं टीव्हीवर काहीही बघायचे.

पाऊस सुरू झाल्यावर एके दिवशी मोठ्या साहेबांचा फोन आला. लीगलकडून आलंय रोकडे, या, सातवर सही करू. सुदाम गेला. मला वाटतं न जाण्याचं बळ त्याच्यात नव्हतं. साहेबांनी खरोखर सही केली, शिक्का मारला, हात मिळवला. ऑफिसात खुर्च्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या, असं त्याने मला सांगितलं. चहा विचारला नाही कोणी.

त्या सहीची गंमत आम्हाला महिन्याभरात कळली. कान्हाला दुसऱ्या कंपनीत लोडरची जागा मिळत होती. त्यांनी सांगितलं, नीलांबरने सोडल्याचं पत्र आण. नीलांबरने उत्तर दिलं, आम्ही एकाही कामगाराला सोडलेलं नाही, युनियनशी करार आहे, कलम सात. बरं, काढलेलं नाही तर पगार द्या. पगार कंपनीचं कामकाज पुन्हा सुरू झाल्यावर. मग काढल्याची भरपाई तरी? काढलंच कुठे आहे. राजीनामा देतो म्हटलं, तर मग भरपाईवर पाणी सोडा, तुम्ही आपल्या मर्जीने गेलात. जिकडे जावं तिकडे सुदामचंच कलम आडवं यायचं, त्याच्याच शब्दांत, त्याने भांडून घालून घेतलेल्या स्वल्पविरामासकट.

शेवटची मीटिंग विहारातच झाली. भिंतीला ओल आली होती, पौर्णिमेचा चुना पोपडे धरून सुटत होता. सुदामने उभं राहून सगळं सांगितलं. काही लपवलं नाही. इंधनाचंसुद्धा सांगितलं. मला वाटलं होतं, माणसं अंगावर धावून जातील. कोणी उठलं नाही. त्यापेक्षा धावून गेली असती तर बरं झालं असतं. मुकेश भिंतीकडे बघत होता. कान्हा गळ्यातल्या ओळखपत्राची दोरी बोटाला गुंडाळत आणि सोडवत होता. अजून गळ्यात घालतो तो ते. का नाही घालणार, नोकरीवर आहे तो.

तेवढ्यात कौसाबाई आली. उशीर झाला होता तिला, ओढ्याला पाणी होतं. डोक्यावर टोपली, टोपलीत कंटोली. ती सरळ सुदामपुढे गेली, टोपली त्याच्या पायाशी ठेवली.

"सही झाली म्हनतात," ती म्हणाली. "खरं का सुदामभाऊ?"

"झाली मावशी."

"मंग पोराची नोकरी?"

सुदामने कान्हाकडे बघितलं. कान्हाने मान खाली घातली. आईला त्याने काहीच सांगितलं नव्हतं.

"गेली नाही," सुदाम म्हणाला.

"कागदात हाये तसं? वाचून दावा मला. मला आयकायचा हाये."

मला वाटलं आता तो सांगेल. वाटलं, सांगूच नये. सुदामने खिशातून कागद काढला, उलगडला, आणि अख्ख्या सभेसमोर, शिडीवर चढल्यासारखा ताठ उभा राहून वाचलं. या कराराच्या कालावधीत कंपनी एकाही कामगारास नोकरीवरून कमी करणार नाही. खाली साहेबांचं नावही वाचलं.

"जायाची नाय," कौसाबाई म्हणाली. तिने मागे वळून सगळ्यांकडे बघितलं, सगळे गप्प का बसलेत ते तिला कळेना. मग तिला आठवलं असावं, त्या दिवशी फोनमध्ये बघितलेलं, आणि तिने दोन्ही हात वर करून टाळ्या वाजवायला सुरुवात केली. एकटीच वाजवत राहिली. सुदाम कागद हातात घेऊन तसाच उभा होता, आणि तिला थांबवायला कोणी उठलं नाही.